हवालदाराचे पोट आणि सहा आठवडे

मित्रांनो, मी एक म्हातारा गावठी कुत्रा आहे. वय चौदा. दात निम्मे उरलेत, डावा कान ऐकतो, उजवा नुसता शोभेला आहे. माझे नाव हवालदार. माझ्या पुढच्या पायावर तीन तपकिरी पट्टे आहेत आणि लष्करात हवालदाराच्या बाहीवर तीन फिती असतात, म्हणून हे नाव. ज्यांनी ते ठेवले, ते दिनकर शिर्के तेव्हा नायब सुभेदार होते. त्यामुळे आमच्या घरात कोण मोठे, याचा घोळ कधी झाला नाही.

माझा जन्म १९८९ च्या हिवाळ्यात दिल्ली छावणीत, जवानांच्या लंगरमागे झाला. लंगर म्हणजे त्यांचे स्वयंपाकघर. डोळे उघडले ते पुऱ्यांच्या वासाने. छोले, हलवा, शिळी रोटी, जे पडेल ते मी खाल्ले आणि सगळे पचवले. माझ्या पोटाचा मला गर्व होता. एकदा मी साबणाची अर्धी वडी खाल्ली. दोन ढेकर दिले आणि कवायतीच्या मैदानावर धावायला गेलो.

दिनकररावांना घरात सगळे बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. ते मूळचे साताऱ्याकडचे. त्यांची पत्नी भानुमती, म्हणजे आई. आणि त्यांची एकुलती लेक वृंदा. मी आलो तेव्हा ती अकरा वर्षांची होती. दिल्लीत वाढल्यामुळे तिचे मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीत शिरायचे. आई म्हणायची, “लाल भोपळा आण,” आणि ही विचारायची, “म्हणजे कद्दू ना?”

१९९४ साली बाबा निवृत्त झाले. यमुनेपलीकडे मयूर विहारला सोसायटीत त्यांना तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. लिफ्ट नव्हती. आजूबाजूला वाळूचे ढीग, अर्धवट इमारती आणि दर आठवड्याला उघडणारे एखादे नवे दुकान. रोज नवे काहीतरी येत होते. गच्चीवर केबलच्या तारा आल्या, खाली मारुती गाड्या आल्या. बाबांना नोएडातल्या टीव्हीच्या कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी लागली. मी सोसायटीची सुरक्षा बघू लागलो, बिनपगारी.

काम मी चोख केले. १९९६ च्या उन्हाळ्यात मीटरच्या खोलीतून धूर येऊ लागला, तेव्हा सगळे जेवून कूलरसमोर झोपले होते. मी इतका भुंकलो की तिन्ही जिने रिकामे झाले. पुढच्या सव्वीस जानेवारीला सोसायटीचे सेक्रेटरी भटनागरजी यांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हार बरा लागला. तोही मी पचवला.

मग मी बारा वर्षांचा झालो, आणि माझे पोट फितूर झाले.

सुरुवात साधी होती. दिवाळीनंतर एकदा उलटी झाली, दोन दिवस जुलाब झाले. आईने दही-भात दिला. थोडे बरे वाटले, पुन्हा बिघडले. शेजारणीने ओवा सांगितला, तो झाला. कोणी इसबगोल सांगितले. बाबांनी स्वतःच्या डब्यातली गोळी अर्धी करून दिली, त्याने तर मी दिवसभर थरथरत होतो. वृंदा आता कस्तुरबा गांधी मार्गावर एका कचेरीत नोकरी करत होती. तिने कॅनॉट प्लेसहून परदेशी दाण्यांची पिशवी आणली. पिशवीवर चकचकीत केसांचा एक कुत्रा हसत होता. तीन दिवस मी ते दाणे खाल्ले. चौथ्या दिवशी माझी अवस्था बघून आईने पिशवी बंद केली आणि दलिया शिजवला.

असे तीन महिने गेले. माझ्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. पण खरे दुःख जिन्याचे होते. मला खाली जायची घाई व्हायची आणि तीन मजले उतरेपर्यंत धीर निघायचा नाही. आयुष्यात मी कधी घरात किंवा जिन्यात घाण केली नव्हती. आता दुसऱ्या मजल्यावरच पाय थांबायचे, आणि मी मान खाली घालून उभा राहायचो. आई बादली घेऊन यायची. एके दिवशी भटनागरजी वर आले. त्यांनीच हार घातला होता, त्यामुळे त्यांनाही अवघड झाले होते.

“शिर्केजी, बच्चे फिसल रहे हैं सीढ़ियों पर. कुछ तो कीजिए.”

बाबा म्हणाले, “बिल्कुल. करता हूँ.”

त्या रात्री जेवताना बाबांनी ताट बाजूला सारले. म्हणाले, “मी ठरवलंय. येत्या सोमवारी त्याला इंजेक्शन देऊन मोकळा करायचा. ज्यानं इमानानं नोकरी केली, त्याला असं लाजवत जगवायचं नाही.”

वृंदाचा घास हातातच राहिला. “बाबा, त्याला झालंय काय ते तरी बघितलं का आपण? एक टेस्ट नाही केली. फक्त घरचे उपाय!”

“म्हातारपण झालंय. त्याची काय टेस्ट करायची?”

“म्हातारपण म्हणजे आजार नाही. मला सहा आठवडे द्या.”

बाबांनी बाजूला सारलेले ताट पुन्हा पुढे ओढले. मग म्हणाले, “सहा आठवडे. वरती एक दिवस नाही.” बाबांनी दिलेला शब्द कधी मागे घेतलेला मी पाहिला नव्हता. म्हणून मला आनंदही झाला आणि भीतीही वाटली.

शनिवारी आम्ही चौघे बाजारामागच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर मल्होत्रा मॅडमनी माझे पोट दाबून पाहिले, हिरड्या पाहिल्या, पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. मग विचारले, “कल इसने क्या खाया?”

“वही, रोज का,” बाबा म्हणाले.

“रोज का मतलब?”

आई म्हणाली, दही-भात. वृंदा म्हणाली, थोडे दाणे उरले होते ते. बाबा म्हणाले, दलिया आणि दूध. तिघांनी तीन उत्तरे दिली, आणि मित्रांनो, तिन्ही खरी होती.

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “बूढ़ा पेट है, अंकल. रोज नई चीज डालेंगे तो पता कैसे चलेगा कि कौन-सी चीज लड़ रही है?”

त्यांनी माझे रक्त घेतले. दोन वेगवेगळ्या दिवशीची शी तपासायला मागवली. आठवड्याने निकाल आला. जंत नव्हते, मूत्रपिंडे ठीक होती. पण माझ्या आतड्यांना जुनी सूज होती आणि तेल-तूप, दूध त्यांना झेपत नव्हते. अंगातले एक जीवनसत्त्वही फार खाली गेले होते. मॅडमनी सरळ सांगितले की हे एका दिवसात जाणारे दुखणे नाही, कदाचित कधीच पूर्ण जाणार नाही. पण ताब्यात ठेवता येईल. दर सोमवारी एक इंजेक्शन. गोळ्या पूर्ण संपेपर्यंत, बरे वाटले तरी. माणसांच्या डब्यातली कुठलीही गोळी नाही. आणि जेवण एकच: मऊ भात, कातडी काढून उकडलेली कोंबडी, थोडा लाल भोपळा. तेल नाही, मीठ नाही. दिवसातून चार वेळा, थोडे थोडे. शिवाय एक वही, तोंडात जाईल ते सगळे तीत लिहायचे.

वृंदाने दोनशे पानी वही आणली, आणि तिच्या पहिल्या पानापासून सहा आठवडे मोजायचे ठरले. सकाळी सहा वाजता उठून ती भात चढवायची आणि मग नऊची बस पकडायची. दुपारचे आई बघायची. दर रविवारी वृंदा मला उचलून वजनकाट्यावर उभी राहायची, मग मला खाली ठेवून एकटी उभी राहायची आणि वजाबाकी करायची. मी पूर्वी बावीस किलो होतो. पहिल्या रविवारी सोळा निघालो. तिने आकडा लिहिला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

दुसऱ्या आठवड्यात उलट्या थांबल्या. तिसऱ्यात मी पूर्ण तीन मजले उतरून खाली मातीपर्यंत पोचलो. ती माती मला कवायतीच्या मैदानासारखी वाटली.

चौथ्या आठवड्यात सगळे कोसळले. जुलाब परत सुरू झाले, या वेळी रक्तासकट. मला उभे राहवेना. वृंदाने कचेरीतून सुट्टी घेतली आणि दवाखान्यात फोन लावला. बाबा दारात उभे होते. मी गोणपाटावर पडून ऐकत होतो.

“नहीं मॅडम, कुछ और नहीं खाया. मैंने एक-एक दाना लिखा है. मुझसे ही कुछ गलती हुई होगी. शायद कद्दू ज्यादा हो गया...” आणि ती रडू लागली. आठवड्याचे चाळीस तास नोकरी करून उरलेला जीव तिने माझ्यावर ओतला होता, आणि चूक ती आपल्याच पदरात घेत होती.

आता मला खरे सांगितले पाहिजे. रोज पहाटे बाबा मला फिरायला नेत. दुधाच्या बूथशेजारी चहाची टपरी होती. तिथे बाबा चहा आणि गरम ब्रेड पकोडा घेत. माझे नवे जेवण सुरू झाल्यापासून पंधरा-वीस दिवस त्यांनी मन घट्ट ठेवले. मग एकदा ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “सहा आठवड्यांचा तर पाहुणा तू. तो फिका भात खाऊन जाणार का?” आणि त्यांनी अर्धा पकोडा माझ्यापुढे धरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यात त्यांचे प्रेम होते, यात मला शंका नव्हती. मी शेपटी हलवली आणि खाल्ला. मला तर नाही म्हणता येतच नाही.

वृंदाने फोन ठेवला. बाबा आत आले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, टेबलावरची वही ओढली आणि म्हणाले, “पेन दे.”

“कशाला, बाबा?”

बाबांनी चष्मा नाकावर चढवला. पान उलटून त्यांनी मागच्या सहा तारखा शोधल्या आणि प्रत्येक तारखेखाली आपल्या सरळ, लष्करी अक्षरात लिहिले: पहाटे साडेपाच, ब्रेड पकोडा अर्धा. दिला दिनकर शिर्के याने. सहाही ओळी लिहून झाल्यावर त्यांनी सही केली.

आईने वाचले आणि पदर तोंडाला लावला. “अहो, पोरगी स्वतःला दोष देत होती, आणि तुम्ही उभं राहून ऐकत होतात?”

“ऐकत होतो. म्हणूनच लिहिलं,” बाबा म्हणाले. मग वृंदाकडे वळून ते म्हणाले, “मला वाटलं, जाताना त्याला सुख द्यावं. मीच त्याला ढकलत होतो. चूक माझी, पोरी. तुझी नाही.”

मला वाटले, वृंदा आता चिडेल. ती चिडलीही. “चार आठवडे माझे, बाबा! तुम्हाला माझ्यावर भरवसाच नव्हता!” ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. बाबा तिच्यामागे गेले नाहीत. त्यांनी चपला घातल्या, मला दोन्ही हातांवर उचलले आणि तीन मजले उतरून, रिक्षा करून दवाखान्यात नेले. साठ वर्षांचे गुडघे होते ते. मॅडमना त्यांनी सगळे सांगितले, एक शब्द न चुकवता. मॅडम म्हणाल्या, “अंकल, आपने सच बोल दिया, इसकी आधी दवा हो गई. अब बाकी आधी मैं देती हूँ.” मला सलाइन लागले. संध्याकाळी वृंदा कचेरीच्या मैत्रिणीच्या स्कूटरवरून तिथे आली आणि बाबांच्या शेजारी बाकावर बसली. सलाइन संपेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. घरी येताना मला दोघांनी मिळून उचलले.

दुसऱ्या दिवसापासून पहाटेचा भात बाबाच चढवू लागले. चहा ते घरीच पिऊ लागले.

सहावा आठवडा संपला त्या रविवारी वृंदा मला घेऊन काट्यावर उभी राहिली. साडेसतरा किलो. बाबांनी स्वतः वाकून आकडा दोनदा वाचला. “उद्या सोमवार,” ते म्हणाले. “त्याला इंजेक्शनला न्यायचंय. जीवनसत्त्वाचं. मी नेतो.”

याला आता दोन वर्षे होत आली. पोट माझे पूर्ण बरे नाही आणि होणारही नाही. थंडी पडली, की एखादा वाईट दिवस येतो. पण आता घरात कोणी घाबरत नाही आणि कोणी नवा उपाय काढत नाही. ठरलेले जेवण, भरपूर पाणी, आणि दुसऱ्या दिवशीही बरे नसले तर थेट दवाखाना. माझे वजन आज एकोणीस किलो आहे. वृंदाची बदली गुडगावच्या नव्या कचेरीत झाली आहे. ती संध्याकाळी उशिरा येते, आणि मी तिसऱ्या मजल्यावरून माझ्या माझ्या पायांनी तिला घ्यायला खाली जातो.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा म्हातारा प्राणी असेल. त्याचे पोट सारखे बिघडत असेल, तर “आता वय झाले” म्हणून त्याला बाजूला सारू नका आणि दया येते म्हणून त्याला भलतेसलते भरवूही नका. डॉक्टरांना दाखवा, आणि चुकून काही दिले असेल तर लाज न बाळगता सांगा. आम्हाला कुठे दुखते ते बोलता येत नाही, आणि तुम्ही हात पुढे केलात तर आम्ही तो नाकारत नाही. आमच्या वाटचे ‘नाही’ तुम्हालाच म्हणावे लागते. तेवढे म्हणा. मग बघा, आम्ही किती दिवस तुमच्याबरोबर जिना चढतो ते.