मास्टर वॉशिंग्टनच्या हातातली ऊब

“चटका बसला! गुडघ्यात चटका बसला!” अन्सेल्मोकाका ओरडले आणि क्लबाच्या हॉलभर टाळ्या पडल्या.

उरुग्वेतला जुलै म्हणजे भर हिवाळा, हाडं गोठवणारा. तरी हॉलची दारं सताड उघडी होती, ‘शक्तीला येजा करायला’. त्या गारठ्यात अर्धं गाव डोळे मिटून बसलं होतं. एरवी इथे फुटबॉलवरून खुर्च्या उडायच्या. आज भिंतीवर कापडी फलक होता : ‘रेकी : ओळख आणि पहिला अनुभव. सर्वांचं स्वागत.’

फलकाखाली पांढऱ्या सदऱ्यात मास्टर वॉशिंग्टन उभा होता. हा महिन्यापूर्वी राजधानी मोंतेविदेओहून आलेला. पूर्वी दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा, आता माणसं शुद्ध करत होता.

“मित्रांनो, मी काहीच करत नाही,” तो मधाळ आवाजात म्हणाला. त्याच्या सबंध भाषणात एवढंच काय ते खरं होतं. “मी फक्त नळ आहे. विश्वाची शक्ती माझ्यातून वाहते. जपानच्या डोंगरावरून निघालेली ही शक्ती. कुठं जायचं ते तिचं तिला कळतं.”

“मग गुडघा दाखवावा कशाला लागतो?” मागच्या रांगेतून एवलालियाबाईंनी विचारलं.

“शूऽऽ! बाई, शाळा सुटली आता,” बेकरीवाली ओफेलिया फिस्कारली.

मास्टर हसला. “शंका हीसुद्धा एक गाठच असते, बाई. तीही विरघळेल.”

एवलालियाबाई गावच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, भुताखेतांवर हसायच्या. पण आज हसू येत नव्हतं. त्यांची धाकटी बहीण झुल्मा पहिल्या रांगेत बसली होती आणि झुल्माच्या छातीत खरोखरीची गाठ होती. इस्पितळाने गुरुवारी शस्त्रक्रिया ठरवली होती. पण झुल्मा महिनाभर मास्टरकडे जात होती आणि आज सकाळी तिने सांगून टाकलं होतं, “ताई, मी गुरुवारी जाणार नाही. सुरी लागली की शक्तीची वाट तुटते, मास्टर म्हणालेत. गाठ विरघळतेय. त्यांचा हात ठेवला की मला आतून कळतं गं.”

ताई ओरडली, रडली, पाया पडायची बाकी राहिली. झुल्मा ढिम्म. शेवटी बाई स्वतःच या तमाशाला येऊन बसल्या. बोलून उपयोग नाही, निदान नीट बघू तरी, असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि बघता बघता त्यांना एक गोष्ट खटकली.

मास्टरच्या काखेत थर्मास होता. तो सगळ्यांच्याच काखेत होता. या देशात माणूस घराची किल्ली विसरेल, पण थर्मास आणि येर्बाचा कडू चहा प्यायचा तुंबा विसरणार नाही. म्हणूनच तिकडे कुणाची नजर जात नव्हती. बाईंची गेली. इतरांचे तुंबे वाळक्या भोपळ्याचे, मास्टरचा पत्र्याचा. पत्र्याने हात पोळतो म्हणून लोकांनी तो कधीच टाकून दिला होता. मास्टर त्यात वाफाळतं पाणी ओतायचा, दोन्ही तळव्यांत धरून ‘ध्यान’ लावायचा, मग एकदोघांवर हात ठेवून परत यायचा. तुंब्यातलं पाणी ‘धरणीला अर्पण’ म्हणून कुंडीत, आणि ताजं ओतून पुन्हा ध्यान. तुंब्याची नळी एकदाही ओठाला लागली नाही. शेजाऱ्याला ‘घ्या’ म्हणणंही नाही. इथे लोक ज्याच्याशी कोर्टात भांडतात त्यालाही तुंबा पुढे करतात.

“आता सगळ्यांनी डोळे मिटा,” मास्टर म्हणाला, “मी तुमच्यातून फिरेन. कुणाला केव्हा स्पर्श होईल, सांगणार नाही.”

थर्मास आणि तुंबा टेबलावर ठेवून तो उजवीकडच्या रांगेत शिरला. बाई दबक्या पावलांनी टेबलापाशी गेल्या. तुंब्यात ताजं पाणी ओतलं आणि हाताला सोसवेल तोवर तो तळव्यांत धरून ठेवला. मग त्या बहिणीच्या मागे गेल्या. झुल्माच्या खांद्यांची हाडं हल्ली स्वेटरवरूनही हाताला लागत होती. बाईंना रडू आलं, ते गिळून त्यांनी तळवे टेकवले.

झुल्माने सुस्कारा सोडला. “मास्टर... आज तर झराच वाहतोय. गाठ वितळतेय, मला कळतंय.”

“डोळे उघड, झुल्मा,” बाई म्हणाल्या.

झुल्माने वळून पाहिलं. मास्टर हॉलच्या दुसऱ्या टोकाला अन्सेल्मोकाकांच्या डोक्यावर हात धरून उभा होता.

सगळ्यांचे डोळे उघडले. पण असली माणसं तयारीचीच असतात. “पाहिलंत?” मास्टर गरजला. “बाईंच्या हातातूनही शक्ती वाहू लागली! हीच तर रेकीची कमाल! बाई, पुढच्या पातळीच्या वर्गाला आजच नाव घाला!”

आणि अर्ध्या हॉलने माना डोलावल्या! बाईंना वाटलं, या माना धरून गदागदा हलवाव्यात.

“घालते की नाव,” त्या म्हणाल्या. “आधी तुमच्या तुंब्यातला एक घोट पाजा.”

“हा... हा माझा ध्यानाचा आहे.”

“अहो, पाजा की!” अन्सेल्मोकाका म्हणाले. “आमच्या घरी येऊन तर ढोसता!”

ओफेलियाने तोवर तुंब्यात डोकावलं होतं. “अगं बाई! ह्यात येर्बाच नाही! नुसतं ऊन पाणी!”

मग मात्र हॉल पेटला. आजारी बाईला डॉक्टरपासून तोडलं, ते चाललं. पण काखेत थर्मास मिरवायचा आणि तुंब्यात येर्बा नाही? खुर्च्या सरकल्या, शिव्या सुटल्या. बाईंना या संतापाची कीव आली, पण तो हातचा सोडण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या.

“बसा सगळे! थर्मास इकडे द्या. मास्टर, दाराशी उभे राहा आणि आता आणा विश्वाची शक्ती.”

मास्टर उघड्या दाराच्या वाऱ्यात बोटं हलवत, पुटपुटत उभा राहिला. बऱ्याच वेळाने बाईंनी त्याचा हात अन्सेल्मोकाकांच्या गुडघ्यावर ठेवला.

“ई! मेलेला मासा!” काका किंचाळले.

“दारं उघडी का, कळलं?” बाई म्हणाल्या. “तुम्ही गारठलात की कोमट हातही निखारा वाटतो. चटका बसणार असं आधीच सांगून ठेवलं की मन वाटच बघत बसतं. ऊन पाणी, थंड हवा आणि भाबडं मन. यात जपान कुठंय?”

सदरा सावरत मास्टर मागच्या दाराने सटकला. त्याला अडवावं असंही कुणाला वाटलं नाही.

झुल्मा खुर्चीतून हलली नव्हती. “ताई, मला खरंच बरं वाटलं होतं गं.”

“वाटणारच. कुणी मायेने हात ठेवला की वाटतं. पण गाठीला ते कळत नाही, झुल्मा. ती आपली वाढतच असते.”

“मला सुरीची भीती वाटते. त्याने सांगितलं, सुरी नको. म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला.”

“मलाही वाटते,” बाई म्हणाल्या, “पण मला गाठीची जास्त वाटते.”

गुरुवारी झुल्मा इस्पितळात गेली. गाठ काढल्यावर सर्जन बाहेर आली. “पुढे औषधांचा लांब पल्ला आहे,” तिने बाईंना सांगितलं, “पण अजून उशीर केला असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं.” बाई तिथल्या बाकावर बसल्या आणि सगळ्यांदेखत हमसून रडल्या.

लोकहो, दुखणाऱ्या माणसाच्या पाठीवर हात जरूर ठेवा, त्याला त्याची गरज असते. पण जो हात ठेवून वर ‘डॉक्टर नको’ म्हणतो, त्याचा हात तिथल्या तिथे झटका. झुल्माच्या आयुष्यातला एक महिना मास्टरने नेला. तो महिना तिला कुठलीच शक्ती परत आणून देणार नाही.