मुकुंदरावांची कल्हई

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे. तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं, म्हणून माझं अंग असं खडबडीत. माझा मुक्काम थेरगावात, मुकुंदराव आणि शुभदाताईंच्या घरी. लग्नकार्यात मसालेभात माझ्यातच व्हायचा आणि लोक बोटं चाटत जायचे. पुढे कुकर आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

मुकुंदराव कंपनीतून निवृत्त झाले. राजगुरुनगरजवळच्या प्लॉटवर त्यांनी द्राक्षाचे वेल लावले आणि घरी वाईन करायचं खूळ डोक्यात घेतलं. तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. केवढा आनंद झाला मला!

पण माझी कल्हई उडालेली आणि कल्हईवाला हल्ली फिरकतच नाही. मुकुंदराव कसले स्वस्थ बसतात! कंपनीतल्या मित्राकडून त्यांनी सोल्डरची कांडी आणली, मला तापवलं आणि ती आतून वितळवून फिरवली. मी असा चकाकलो की विचारू नका.

द्राक्षांचा रस रात्रभर माझ्यात राहिला. सकाळी पहिला पेला त्यांनी सुनेसाठी, तेजस्विनीसाठी भरला. तिला सातवा महिना होता.

"बाकीच्याची वाईन होईल. हा नुसता रस, खास तुझ्यासाठी."

पेला ओठांशी नेताना तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. "बाबा, कल्हई कोणाकडून करून घेतलीत?"

"अगं, मीच केली! सोल्डर वापरलं."

तिने पेला खाली ठेवला. "बाबा, त्यात शिसं असतं. आंबट रसात ते उतरतं. बाळाला धोका नको म्हणून तर कंपनीने मला सोल्डरिंगच्या लाइनवरून हलवलंय."

मुकुंदरावांनी पेला तिच्यापासून दूर सरकवला. "मी माझ्या हातानं तुला..."

"प्यायले नाही ना मी?" तिने त्यांचा हात घट्ट धरला. मला दोघांचीही फार माया वाटली.

रस वेलांच्या मुळाशी ओतायचा नाही, असं तिने बजावलं. तो कॅनमध्ये भरून तिच्या कंपनीच्या घातक कचऱ्यात गेला.

"टोप भंगारात देऊन टाका," शुभदाताई म्हणाल्या.

"नको. कुणीतरी घासूनपुसून पुन्हा वापरेल." मुकुंदरावांनी ड्रिल आणलं आणि माझ्या बुडाला भोक पाडलं.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू नेहमी म्हणतो, आम्हाला जपा, वापरा. मी मात्र हात जोडून उलटं मागतो. आमच्यावर काय लावताय ते आधी विचारा, आणि चूक झालीच तर आमची दया करू नका. ड्रिल लागलं तेव्हा फार दुखलं. पण पोटात बाळ जोरात लाथ मारतंय असं तेजस्विनी सांगत होती, मुकुंदराव डोळे पुसत हसत होते, आणि मला रिकामं राहायचंच होतं.