दार सात सेकंद
लिफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगची एक फाइल असते. दार किती वेळ उघडं ठेवायचं, घंटा कधी वाजवायची, सगळं तिच्यात. आमच्या कंपनीतली ती फाइल मी आणि ह्यांनी मिळून लिहिली. एक्सएमएल नावाच्या लिहिण्याच्या पद्धतीत, नेमस्पेस लावून. म्हणजे प्रत्येक ओळीला आडनाव. दाराच्या ओळी ह्यांच्या, घंटेच्या माझ्या. दोघांकडेही ‘थांबा’ नावाची सेटिंग होती, पण आडनावं वेगळी, त्यामुळे भांडण नाही. घरी मात्र रोज व्हायचं.

हे जाऊन तीन वर्षं झाली. ऑफिसात त्यांचं म्हणून त्या फाइलीतला एक शेरा तेवढा उरलाय: ‘दार सात सेकंद. पाच नको. गुडघेवाली पोचत नाही.’ गुडघेवाली मी.

सोमवारी नवी टीमलीड म्हणाली, “ताई, ही फाइल जेसनमध्ये आणू या, ती पद्धत साधी आहे. चारशे ओळींच्या नव्वद होतील.”

माझं डोकंच फिरलं. “आणि दोन ‘थांबा’ एकमेकांच्या उरावर बसले म्हणजे?”

“एकाचं नाव दार_थांबा, दुसऱ्याचं घंटा_थांबा. संपलं.”

संपलंच की! पोरीचं बरोबर होतं, हीच तर पंचाईत. तरी मी अर्धा तास वचावचा भांडले. जेसनमध्ये शेरा लिहायची सोयच नसते, हे काही माझ्या तोंडून निघेना.

शेवटी म्हटलं, आण इकडे, मीच करते. तो शेरा दुसऱ्या कुणी पुसण्यापेक्षा मी पुसलेला बरा. दुपारपर्यंत नव्वद ओळी झाल्या. चाचणी पहिल्या फटक्यात पास. मेली एकदा तरी अडखळायची होती!

टीमलीड खुर्ची ओढून वाचायला बसली. “दार सात का, ताई? सगळीकडे पाच असतं. पाच करू?”

“हात लावशील तर बघ!” मी ओरडलेच. “राहू दे गं. कुणीतरी सावकाश चालणारं असतं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सात तसंच ठेवलं.

आमच्या ऑफिसच्या इमारतीतल्या लिफ्टलाही तीच फाइल. संध्याकाळी पिशवी सावरत निघाले, तर लिफ्टमधून कुणीतरी नुकतंच उतरलं होतं; मी पोचेपर्यंत दार मिटेल असं वाटलं. मी घाई केली नाही. गुडघा धरत गेले. दार उघडंच होतं.

“पोचले हो,” मी रिकाम्या लिफ्टला सांगितलं, आणि दार लागल्यावर पोटभर रडले.