चढणारा, धरणारा आणि तेवीस प्रश्न

माझ्या धाकट्या भावाशी मी अकरा वर्षं बोललो नाही. तरी आदल्या रात्री त्याला झोप लागली का, सकाळी तो काय खाऊन आला, त्याचं पोट बरं आहे का, हे मला रोज ठाऊक असायचं. कारण ते मीच त्याला विचारायचो. सकाळी दहा वाजता, गोदामात, चारचौघांत, खणखणीत आवाजात.

भांडण कशावरून झालं ते सांगतो, पण हसायचं नाही. टेबलफॅनवरून. आई अंथरुणाला खिळली होती. मी फॅनचं तोंड पलंगाकडे करायचो, हा भिंतीकडे करायचा. मी म्हणायचो तिला उकडतंय, हा म्हणायचा तिला वारा बाधतोय. चार दिवस आम्ही तो फॅन नुसता फिरवत होतो. पाचव्या दिवशी आई गेली आणि आम्ही एकमेकांकडे असं काही पाहिलं की नंतर बोलायला तोंडच उरलं नाही.

नोकरीला मात्र दोघेही एकाच ठिकाणी, नळांच्या गोदामात. तो रॅकवरचा माल काढायचा, मी खाली मोजून लिहून घ्यायचो. मधे हमाल असायचा, त्यामुळे अबोला सुखाने चालला होता. तीन वर्षं अशी गेली आणि एक दिवस पॅकिंगवाला शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर उभा राहून, एका हातात खोकं आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन बायकोशी भांडता भांडता खाली आला. त्याच्या दोन बरगड्या मोडल्या आणि चौदा शॉवर मोडले. कंपनीने शॉवरचं दुःख आवरून बरगड्यांचीही चौकशी केली, आणि मग सुरक्षेच्या बाई नेमल्या.

बाई म्हणजे हाडाच्या शिस्तीच्या. जेवतानाही डोक्यावर पिवळं हेल्मेट. आल्या आल्या त्यांनी आम्हा सगळ्यांना शिडीसमोर बसवून शिडी शिकवली. चार फूट उंचीला एक फूट पाया सोडायचा. चढताना दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय, असे तीन टेकू कधी सुटता कामा नयेत. वरच्या तीन पायऱ्या परक्याच्या समजायच्या. आणि शिडीवर कुणी एकट्याने चढायचं नाही. एक चढणारा, एक धरणारा. दर चढाईला एक फॉर्म, फॉर्मात तेवीस प्रश्न. मोठ्याने विचारायचे, मोठ्याने उत्तर द्यायचं, खाली दोघांची सही. जो उत्तर न देता चढेल तो तीन दिवस घरी बसेल.

जोड्या लावायला बाईंनी सगळ्यांना मालाच्या काट्यावर उभं केलं. धरणारा वजनदार हवा, चढणारा हलका. गोदामात सगळ्यात हलका नंबर सतरा निघाला आणि सगळ्यात जड नंबर एकतीस. बाईंच्या यादीत नुसते नंबरच होते. सतरा म्हणजे धाकटा आणि एकतीस म्हणजे मी. बाकीचे सगळे खाली बघून हसत होते, पण आम्ही भाऊ आहोत हे बाईंना सांगण्याचं धाडस एकानेही केलं नाही. मीही केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटाला काही किंमत आली होती.

पहिल्या दिवशी मी फॉर्म हातात धरला आणि शिडीकडे बघून विचारलं, "चढणाऱ्याची झोप झाली आहे का?"

तोही शिडीकडेच बघून म्हणाला, "चढणाऱ्याची झोप झाली आहे."

"चढणाऱ्याने काही खाल्लं आहे का?"

"दोन पोळ्या."

"चढणाऱ्याच्या मनावर काही ताण आहे का?"

हा प्रश्न अकरा. नाही म्हणून मोकळा होईल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "पोरगा नापास झालाय."

मी लिहून घेतलं. माझा पुतण्या नापास झाला हे मला असं कळलं.

मग रोजचंच झालं. आम्ही बोलत नव्हतो, फॉर्म भरत होतो. अकराव्या प्रश्नात त्याच्या बायकोच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, पोरगा पुढच्या वर्षी पास झाला, घराचं छत गळून दुरुस्त झालं. संध्याकाळी घरी गेलो की बायको विचारायची, "आज काय म्हणाले भावजी?"

"बोलत नाही मी त्याच्याशी."

"ते माहितीये. म्हणाले काय?"

"गुडघा दुखतोय म्हणाला."

"मग तेल लावतात का, विचारा."

"ते फॉर्मात बसत नाही."

"बसवा," ती म्हणायची. दुसऱ्या दिवशी मी चढणाऱ्याच्या पायांना तेलकटपणा आहे का, असं विचारायचो. प्रश्न बुटांच्या तळव्यांचा होता, पण त्याला बरोबर कळायचं.

फॉर्मात सहा प्रश्न धरणाऱ्यासाठी होते, ते त्याने मला विचारायचे. माझ्या मुलीचं लग्न झालं तेव्हा काका आला नाही. मी बोलावलं नव्हतं आणि तो आला नव्हता, फिट्टंफाट. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने विचारलं, "धरणाऱ्याची दृष्टी स्वच्छ आहे का?"

"नाही."

"कारण?"

"पोरगी काल सासरी गेली."

तो बराच वेळ पेन झटकत राहिला. पेन चांगलं चालत होतं. मग त्याने शेऱ्यात लिहिलं, 'धरणाऱ्याला आज अर्धा दिवस सुट्टी द्यावी', आणि बाईंनी ती दिली. गोदामात लोक म्हणायचे, असे जागरूक कामगार आम्ही पाहिले नाहीत. दोन वेळा आम्हाला 'आदर्श शिडी जोडी' म्हणून प्रमाणपत्र मिळालं. फोटोत मधे शिडी आणि दोघांची तोंडं दोन दिशांना.

आठ वर्षं हे सुरळीत चाललं. मग एका सोमवारी बाई टाळ्या वाजवत आल्या आणि म्हणाल्या, नवीन मशीन येतंय. पिंजऱ्यात उभं राहायचं, पट्टा लावायचा, बटण दाबायचं, की पिंजरा वर. धरणारा नको, फॉर्म नको. शुक्रवारी सगळ्या शिड्या तोडून भंगारात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण शनिवारी सकाळी दहा वाजता मी कुणाला काय विचारणार होतो?

मी मशीनविरुद्ध अर्ज केला. लिहिलं की बटणाला माणसाची झोप कळत नाही. बाईंनी तो वाचला आणि मायेने म्हणाल्या, "काका, आठ वर्षं उभं राहून पाय सुजलेत तुमचे. आता बसा की जरा खुर्चीत." त्यांचं काही चुकत नव्हतं आणि म्हणूनच मला त्यांचा भयंकर राग आला.

शुक्रवार उजाडला. मशीन आलं होतं, प्लास्टिकच्या वेष्टनात कोपऱ्यात उभं होतं, नव्या नवरीच्या तोऱ्यात. शिड्या दुपारी चारला तोडणार होते. आणि मी काय केलं, तर वरच्या फळीवरचा माल मागवत सुटलो. नळजोडाचे पितळी कोपरे काढा. मोजायचे राहिलेत. ठेवा परत. आता जुन्या टाक्यांचे तरंगते गोळे काढा, जे सहा वर्षांत कुणी मागितले नव्हते. दर चढाईला नवा फॉर्म, दर फॉर्मला तेवीस प्रश्न. त्या दिवशी मी त्याला सात वेळा चढवलं. सातव्या वेळी झोपेचं विचारलं तर म्हणाला, "चढणाऱ्याची झोप सकाळी होती तेवढीच आहे." पण उत्तर दिलं. एकाही प्रश्नाला तो कंटाळला नाही.

शिडी धरणाऱ्याला वर बघावं लागत नाही, दांड्यातून सगळं हातात येतं. सातव्या वेळी तो नवव्या पायरीवर पोचला आणि माझ्या दोन्ही तळहातांत थरथर आली. आधी मला वाटलं माझेच हात. मग थरथर वाढली. वर खोकं सरकल्याचा आवाज नाही, काही नाही.

"चढणाऱ्याने सावकाश उतरावे," मी म्हणालो.

तो उतरला. एकेक पायरी पायाने चाचपत. खाली उभा राहिला तेव्हा चेहरा पांढराफटक. उतरल्यानंतरचे तीन प्रश्न राहिले होते. एक हात शिडीवर ठेवून मी फॉर्म काढला.

"चढणाऱ्याला वर काही त्रास जाणवला का?" विचारता विचारता मी सवयीने 'नाही' लिहूनही टाकलं.

"हो," तो म्हणाला. "चक्कर येते."

"आज आली?"

"रोज येते. तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं सांगितलं नाहीस! रोज विचारतो ना मी?"

"सांगितलं असतं तर बाईंनी खाली बसवलं असतं मला. शिडीवर दुसरा कुणी चढला असता. मग तू रोज त्याला विचारत बसला असतास, झोप लागली का, जेवलास का."

मला जे वाटलं ते सांगायला माझ्याकडे आजही शब्द नाहीत, म्हणून त्या वेळी मी शिव्या दिल्या. अकरा वर्षांच्या साचलेल्या होत्या, भराभर आल्या. "गाढवा! अक्कल काय गहाण टाकलीस? पडला असतास म्हणजे? बायकोला तुझ्या काय तोंड दाखवलं असतं मी? आणि मी मूर्ख, आज सात वेळा चढवला तुला!"

"मी पण चढलोच ना सात वेळा," तो म्हणाला, आणि सपाट, कोरड्या, नियमाप्रमाणे पुसलेल्या जमिनीवर उभ्या उभ्या त्याचे डोळे फिरले.

मी शिडी सोडली. दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं. माझी मांडी शिडीच्या पायाला लागली, शिडी घसरली, फिरली आणि थेट मशीनच्या बटणांवर जाऊन आदळली. प्लास्टिकच्या आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. मी तिकडे पाहिलंही नाही. तो किती हलका झाला होता, हेच मनात होतं.

बाई हेल्मेट सावरत धावत आल्या. धाकट्याला खोक्याला टेकवून बसवलं, पाणी दिलं, डॉक्टरांना फोन केला. मग त्यांनी अपघाताचा फॉर्म काढला. तो वेगळा असतो, गुलाबी. आठ वर्षांत पहिल्यांदाच निघाला होता.

"शिडी कुणी सोडली?"

"मी."

"का?"

"तो पडत होता."

"अहो, पण तो तर जमिनीवर उभा होता!"

"जमिनीवरूनच पडत होता," मी म्हणालो.

बाईंनी तसंच लिहिलं. मग पुढच्या रकान्यावर पेन ठेवून विचारलं, "सोबतच्या व्यक्तीशी काही नातं?"

धाकटा पाण्याचा ग्लास खाली ठेवत म्हणाला, "दादा आहे माझा."

बाईंनी हेल्मेट काढलं. पहिल्यांदाच काढलं. "आठ वर्षं! आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुमच्या फॉर्मात विचारलं नव्हतं," तो म्हणाला.