सातवा आकडा

"कागदाचा कपटाबी खिशात घालून खाली न्हेत्यात," भिमाजीदादा माझ्या पाठीशी पुटपुटले, "आन्..." पुढचं त्यांनी गिळलं.

भिमाजीदादा गडाखालच्या वाडीतले, आमचे वाटाडे. उतरताना आम्ही पाण्याच्या टाक्यापाशी थांबलो होतो आणि मी कुणाच्या तरी चॉकलेटचा कागद उचलत होते. ऐकू आलं नाही असं दाखवून मी तो खिशात घातला.

दरवर्षी सोनकी फुलली की आम्ही सात बायका नगरहून अकोले तालुक्यात येतो, हा गड चढायला. एरवी मी नागापूर एमआयडीसीतल्या कामगारांचे युनिफॉर्म शिवते. गडावर बूट घातले की मला निसर्गाविषयी बोलायला सुचतं. नियम आमचा गट नेणाऱ्या स्नेहलचे. फूल तोडायचं नाही, आरडाओरडा नाही, सगळ्यात हळू चालणारीच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. आणि प्रत्येक थांब्यावर ओळीनं आपापला आकडा म्हणायचा. माझा सहा, माझ्यामागं पुष्पावती, तिचा सात.

पुष्पावतीला दम लागायचा, आवाज फुटायचा नाही. मग तिचा आकडाही मीच म्हणायचे, तिच्यासारखा नाकात. सगळ्या हसायच्या. सगळ्यात जास्त तीच.

मागच्या वर्षी याच टाक्यापाशी धुकं दाटलं. खालून गाडीवाला हॉर्न वाजवत होता. आकडे झाले. सातही झाला. आम्ही निघालो.

पुष्पावती नाही हे खाली गाडीपाशी कळलं, तोवर अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिमाजीदादांना घळीत सापडली.

स्नेहलनं व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लिहिलं की पुष्पाताई फोटो काढायला वाट सोडून गेल्या. त्याखाली एकीनं लिहिलं, म्हणूनच नियम पाळावेत. मी हात जोडल्याची चित्रं टाकली. दोन.

यंदा सातव्या जागी तिची मुलगी आली, यशोधरा. मम्मी चालली तेवढं चालायचंय, एवढंच म्हणाली. नाही कोण म्हणणार?

सकाळी चढताना माझ्यामागं काठी वाजत होती. टक. मग दोन पावलं. मग टक. पुष्पावती अशीच टेकत चालायची.

"यशो, काठी खडकावर टेकू नको गं, निसटते," मी म्हणाले.

"मावशी, मी काठी आणलीच नाही."

भिमाजीदादा पार पुढं होते, तेही मोकळ्या हातानं. त्यानंतर मी वरपर्यंत मागं वळून पाहिलं नाही.

आणि आता पुन्हा हे टाकं, पुन्हा धुकं. स्नेहल म्हणाली, "चला, आकडे म्हणा."

एक. दोन. तीन. चार. पाच. मी सहा म्हणाले.

माझ्यामागं काहीच नाही. टाक्यात कुठूनसं पाणी ठिबकत होतं. सगळ्या आपापल्या बुटांकडं बघत होत्या.

"यशोधरा, सात म्हण ना," स्नेहल म्हणाली.

"म्हणते. आधी एक सांगा." तिचा आवाज शांत होता. "मम्मीचा मोबाईल आम्हाला मिळाला तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. पिशवीला दोन गाठी. त्या दिवशीचा एकही फोटो नाही त्यात. वर्षभर सगळे म्हणतायत, तिनं नियम मोडला. तुम्ही इथं मोजलं असेलच ना?"

"मोजलं होतं," स्नेहल म्हणाली.

"मग सात कोण म्हणालं?"

"धुकं वाढतंय गं. खाली जाऊन बोलू."

भिमाजीदादांनी खांद्यावरची कचऱ्याची गोणी उतरवली आणि वाटेच्या मधोमध तिच्यावर बसले. "न्हाई," म्हणाले. "आज हितंच बोला. मागल्या बारीलाबी खालीच बोलायचं हुतं तुमाला."

टक, मला ऐकू आलं. अगदी जवळ, कोपरापाशी. या वेळी मी वळले. यशोधरा उभी होती, दोन्ही हात रिकामे. नाक आईचंच.

"मी म्हणाले," मी म्हटलं. "ती नव्हती आली अजून. तिच्या आवाजात मीच म्हणाले, सात."