कोरडं तोंड

दारिंका सिस्टरने लाकडी चपटी काडी नेदाच्या ओठाखाली सरकवली, बॅटरीचा उजेड आत टाकला आणि एकेक दाढ तपासली. काडी बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला रक्त होतं.

"खालच्या चार दाढा गेल्यात," ती म्हणाली. "हिरडीत पू आहे."

नेदा छताकडे बघत होती. सहा वर्षांची पोर. डोळे आणि जिभेचं टोक, एवढंच तिच्या ताब्यात. गळ्यातल्या नळीतून यंत्र श्वास देई, पोटातल्या नळीतून दूध जाई.

"तोंडाने तर ती काही खात नाही," तिची आई मिल्याना म्हणाली. "आणि मी दिवसातून तीनदा ब्रश करते, सिस्टर. आधी कफ ओढते, मग ब्रश."

"मग नीट होत नसेल."

"नीट कशाला होतंय?" नेदाची आजी, मिल्यानाची सासू स्तामेना तबक घेऊन आत आली. "दिवसभर दोन खोल्यांत असते, पण चार दाढा सांभाळता येईनात. मी सासूला सगळ्या दातांनिशी मातीत दिली. घ्या, बाई."

तबकात आलुबुखारचा मुरांबा होता, चमचा आणि पाण्याचा पेला. दारिंकाने रीतीप्रमाणे एक चमचा तोंडात घातला, वर पाणी प्यायली.

"आजी, तुमच्या मुरांब्याने माझेच दात पडायचे."

"पडू देत. या घरातून कुणी कोरड्या तोंडाने गेलेलं नाही."

दारिंकाने पेला खाली ठेवला. "हिच्या तोंडाला गोड काही लावत नाही ना कुणी?"

"नळीवरच्या पोरीला? मला काय वेड लागलंय?"

मिल्याना गॉजच्या घड्या घालत होती. एक घातलेली घडी तिने उलगडली आणि पुन्हा घातली.

"थंडीत दोनदा न्यूमोनिया झाला तो उगाच नाही," दारिंका म्हणाली. "तोंडातली घाण लाळेबरोबर छातीत उतरते. तिसऱ्यांदा झाला तर ही निभावणार नाही."

"मग काढा की दाढा," स्तामेना म्हणाली.

"भूल द्यावी लागते, आजी. मोठ्या दवाखान्यात मी दोनदा कागद पाठवले. हिची छाती भूल सोसणार नाही, म्हणाले. आणि घरी येऊन काढणारा कुणी नाही." ती मिल्यानाकडे वळली. "डॉक्टरांकडून औषध लिहून आणते. पू तात्पुरता दबेल. तू ब्रश जरा मन लावून कर."

"करते," मिल्याना म्हणाली.

सिस्टरची गाडी वळणाआड गेल्यावर स्तामेनाने बरणी उचलली, परसात गेली आणि सगळा मुरांबा उकिरड्यावर ओतला. कोंबड्या धावत आल्या. तिने त्यांना लाथेने हाकललं आणि वर राख टाकली.

अडीच वर्षांपूर्वी, नळी घालून नेदाला घरी आणलं त्या दिवशी सगळी आळी भेटायला आली होती. आल्यागेल्यांपुढे तबक फिरलं. प्रत्येक चमचा वर जाताना पोरीचे डोळे त्याच्यामागे जात होते. परक्यांची तोंडं गोड करायची आणि घरच्या लेकराला तेवढं वगळायचं? मिल्याना शेळ्यांकडे गेल्यावर स्तामेनाने चमच्याच्या कडेने पाकाचा थेंब तिच्या ओठावर लावला. जीभ बाहेर आली. दुसऱ्या दिवशीही आली. तेव्हापासून रोज चार वाजता, शेळ्यांच्या वेळेला. मग चमचा पदराला पुसून औषधांच्या खोक्यामागे.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. शेळ्या ओरडत होत्या, पण मिल्याना उठली नाही. स्तामेना खाटेपाशी रिकाम्या हातांनी बसली होती.

मिल्यानाने खोक्यामागे हात घातला आणि चमचा काढून तिच्यापुढे धरला. लख्ख होता.

"आज विसरलात, आई?"

स्तामेना चमच्याकडे बघत राहिली.

"पदराला पुसून चिकटपणा जातो होय? रोज मीच धुते."

"मग काल सिस्टरसमोर का बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? दिवसभरात ही जीभ एकदाच बाहेर काढते. मलाही ते बघायचं असायचं. मी दाराआडून बघायचे." तिने चमचा पांघरुणावर ठेवला. "मला वाटायचं, घासून निघेल सगळं."

स्तामेनाने वाटीतल्या उकळून गार केलेल्या पाण्यात गॉज भिजवला, पिळला, बोटाला गुंडाळला आणि नेदाच्या ओठावर टेकवला.

"हळू," मिल्याना म्हणाली. "डाव्या बाजूला दुखतं तिला."

जिभेचं टोक बाहेर आलं. पाण्याला लागलं आणि आत गेलं. नेदाने आजीकडे बघितलं.

थोड्या वेळाने जीभ पुन्हा बाहेर आली आणि तशीच थांबून राहिली.