अर्धा अंगठा

खडकातल्या भेगेवर प्लास्टरची एक पट्टी आडवी बसवली आहे. ती तळहाताएवढी लांब आहे. तिच्या मधोमध एक तडा आहे, केसाहून जाड आणि काडेपेटीतल्या काडीहून बारीक. पट्टीचा डावा भाग डोंगराच्या भिंतीवर आहे आणि उजवा भाग त्या भिंतीपासून सुटू पाहणाऱ्या एका मोठ्या शिळेवर. तड्याची उजवी कड डावीपेक्षा किंचित पुढे आली आहे. म्हणजे शिळा नुसती बाजूला सरकलेली नाही, ती बाहेरही झुकली आहे.

मित्रांनो, हे मी इतके नेमके सांगू शकतो, कारण या पट्टीशेजारीच माझे एक टोक टेकलेले असते. मी एक जुना साकव आहे. टिरोलच्या डोंगरांत राब्लर नावाची एक घळ आहे. तिच्या दोन भिंती एकमेकींच्या सगळ्यात जवळ येतात तिथे मी ओढ्यावर आडवा असतो. ती शिळा बरोबर माझ्या डोक्यावर येते.

माझा जन्म लार्चच्या लाकडातून झाला. डोंगराच्या सावलीच्या अंगाला हे झाड सावकाश वाढते, म्हणून त्याचे लाकूड घट्ट असते आणि पाण्याला दाद देत नाही. रोमेडियस नावाच्या सुताराने मला घडवले. घळीत गाडी येत नाही, म्हणून माझ्या दोन तुळया आणि सगळ्या फळ्या त्याने आणि त्याच्या शेजाऱ्यांनी खांद्यावरून आणल्या. प्रत्येक फळीवर त्याने तापल्या सळीने एक खूण डागली, म्हणजे कोणती फळी कुठे बसते हे चुकू नये. मी उभा राहिलो तेव्हा तो माझ्या मधोमध आला आणि दोन्ही पाय जुळवून त्याने जोरात उडी मारली. मी हललो नाही. काठावर त्याची दोन मुले उभी होती, नोटबुर्गा आणि तिचा धाकटा भाऊ कासियान. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग माणसे येऊ लागली. घळीतली वाट पायीच चालावी लागते. आत शिरताच हवा गार होते. दोन्ही खांदे भिंतींना घासतील इतकी वाट अरुंद होते. गरगरणाऱ्या गोट्यांनी खडकात कोरलेले रांजण लागतात, त्यांतले पाणी हिरवे दिसते. धबधब्याचा आवाज पहिल्यापासून ऐकू येतो, पण धबधबा काही दिसत नाही. तो दिसतो फक्त माझ्या मधल्या फळीवरून. तिथे आलेला प्रत्येक माणूस बोलता बोलता थांबतो. मी किती जणांना असे गप्प होताना पाहिले आहे. खिळे ठोकलेल्या बुटांची माणसे, चित्रांच्या वह्या घेऊन आलेल्या बाया, नवी लग्ने झालेली जोडपी. तुषारांनी चेहरे भिजायचे आणि मग सगळे वर, धबधब्याच्या माथ्यावर, कासियानच्या खाणावळीत रश्शातले पावाचे गोळे खायला जायचे. तिथे जायला माझ्याशिवाय दुसरी वाट नाही.

माझी काळजी कशी घेतात, तेही सांगतो. हिवाळ्यात घळीतून हिमलोट कोसळतात. त्यांच्या तडाख्यात मी काडीसारखा मोडेन. म्हणून दर शरद ऋतूत मला उतरवतात, फळी फळी मोकळी करतात, खालच्या कोठारात नेतात, जवसाचे तेल पाजतात आणि फळ्यांमध्ये हवा खेळेल अशी रचून ठेवतात. वसंतात पुन्हा आणून बसवतात. मला जपण्यात या घराने कधीही कसूर केली नाही. आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

ही पट्टी रोमेडियसनेच प्रथम बसवली. एका वसंतात त्याला माझ्या वरच्या भिंतीत भेग दिसली. त्याने प्लास्टर कालवले, भेगेवर थापले आणि ओले असतानाच मधोमध आपला अंगठा दाबला. मग मुलांना म्हणाला, "ही पट्टी आपल्याशी बोलेल. अख्खी असेल तर शिळा जागेवर आहे. तुटली तर साकव बसवायचा नाही."

काही वर्षे पट्टी अख्खी राहिली. मग एका वसंतात ती तुटलेली सापडली. रोमेडियस तिच्यापुढे बराच वेळ उभा राहिला. मला वाटले, आता तो फळ्या परत न्यायला सांगेल. पण वाट पाहणारे गाव होते, नुकतीच उघडलेली खाणावळ होती. तो म्हणाला, "थंडीने तुटली असेल. नवी लावू. मग बघू."

त्या 'बघू'ने माझे आयुष्य नासवले.

पुढच्या वसंतात पट्टी पुन्हा तुटली. तिच्यावर पुन्हा नवी थापली गेली. हळूहळू तो रिवाजच झाला. आधी नवी पट्टी, मग साकव, मग खाणावळीत गोळ्यांचे पहिले पातेले. रोमेडियस गेला आणि घळीची राखण नोटबुर्गाकडे आली. तीही दर वसंतात तुटकी पट्टी पाहते, तोंड बारीक करते आणि तिच्यावर नवी थापते. जी पट्टी 'थांबा' म्हणायला लावली होती, तिलाच आता 'चला' असा अर्थ आला आहे. पांढरीशुभ्र पट्टी पाहून येणारे-जाणारे कौतुकाने म्हणतात, "बघा, किती लक्ष ठेवतात ही माणसे." तेव्हा माझ्या तुळया आतून करकरतात. लोकांना वाटते, लाकूड ओले झाले.

मित्रांनो, भेगेचा स्वभाव समजायला फार शिकावे लागत नाही. भेगेत पाणी शिरते. ते गोठताना फुगते आणि दगडाला रेटते. बर्फ वितळले की बारीक खडी त्या जागेत खाली घसरते आणि पाचरीसारखी अडकते. त्यामुळे भेग थंडीत जेवढी उघडते तेवढी उन्हाळ्यात मिटत नाही. दर वर्षी थोडे मागे उरते. पूर्वी ही भिंत वसंत संपेपर्यंत गोठलेली असायची. आता ती भर हिवाळ्यातही मधूनच वितळते आणि पुन्हा गोठते. पण दर वर्षी पट्टी नवी असते. तिच्यावरचा तडा फक्त एका हिवाळ्याचा असतो, केसापेक्षा थोडा जाड. तेवढ्याला कोण घाबरणार?

गेल्या उन्हाळ्यात एक आई आणि तिची मुलगी माझ्यावरून गेल्या. मुलीची टोपी कठड्याला अडकून राहिली होती. ती घ्यायला मुलगी मागे वळली. आईने हाक मारली, "राहू दे ती, नवी घेऊ." मुलगी पुढे गेली. लगेचच वरून पावाएवढा दगड आला आणि टोपी होती त्या जागी माझा कठडा तुटला.

संध्याकाळी कासियान नवा कठडा खांद्यावर टाकून आला. नोटबुर्गा आधीच येऊन उभी होती.

"रानबकरी गेली असेल वरून," तो म्हणाला.

"एवढा दगड बकरीनं पाडला?"

"खात्यापित्या घरची असेल."

नोटबुर्गाला हसू आले आणि त्याचाच राग आला. "तुझ्याच खाणावळीत जेवते वाटतं."

"जेवू दे की. घळ बंद झाली तर तेवढंच एक गिऱ्हाईक उरेल मला." त्याने बोल्ट आवळला. "बुर्गे, तुझ्या मनात आहे तरी काय? बंद करायची आहे का?"

"करायला हवी असं वाटतंय."

"मग कर ना. मी अडवलंय का?"

ती शिळेकडे पाहत राहिली. "बघू," ती म्हणाली.

माझा तुटका कठडा त्याने वर नेला आणि चुलीत घातला. त्यावर गोळे शिजले आणि लोकांनी ते मिटक्या मारत खाल्ले. टोपी कोणी परत मागायला आले नाही. नोटबुर्गाने ती धुऊन कोठारात खुंटीला टांगली. सगळा हिवाळा ती माझ्यासमोर लटकत होती.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना शेवटी तुमच्याकडे काळजी मागतात. आम्हाला तेल द्या, पुसा, टाकून देऊ नका, असे म्हणतात. मला तेल मिळाले आहे. मला कोरडे छप्पर मिळाले आहे. हिवाळा आला की मला इथून हलवतात आणि उन्हाळा आला की त्याच जागी माणसांना आणून उभे करतात. माझे मागणे उलटे आहे. धोक्याची खूण तुम्ही स्वतः लावली असेल, तर तिचे ऐका. ती रंगवून, सारवून पुन्हा गोरी करू नका. आणि मला जपण्याआधी माझ्यावर उभे राहणाऱ्याला जपा. साकवाने 'माझ्यावरून कोणी जाऊ नका' म्हणणे सोपे नसते. पावले पेलण्याखेरीज मला दुसरे काय येते?

या वसंतात रविवारच्या घाईने पट्टीआधीच माझ्या दोन्ही तुळया बसल्या. पहिल्या काही फळ्याही लागल्या. मग नोटबुर्गा पट्टीसाठी प्लास्टर आणायला कोठारात गेली आणि रिकाम्या हाताने परत आली.

"गोणी कुणी ठेवली होती दाराशी?" तिने विचारले.

कासियान एका फळीवर गुडघे टेकून बोल्ट लावत होता. "मीच. का?"

"छप्पर गळलंय तिथं. अख्खी गोणी दगड झालीय."

"मग उद्या गावातून नवी आणतो. आज साकव लावून टाकू. रविवारी लोक येणार आहेत. पट्टी एक दिवस उशिरा लागली म्हणून डोंगर रुसणार आहे का?"

तुटकी पट्टी निदान खरवडून ठेवावी, म्हणून तिने छिन्नी आणि हातोडा घेतला. आजवर ती जुन्यावरच नवे थापत आली होती. जुने काढायची वेळच आली नव्हती.

वरचा थर पडला. त्याखाली त्याआधीच्या वर्षाचा थर होता, त्यातली फट काडीएवढी. तो पडला. त्याखालच्या थराची फट पेन्सिलीएवढी. नोटबुर्गाचा हात सावकाश चालू लागला. थर पडत गेले आणि फट रुंद होत गेली. प्रत्येक वर्षाच्या प्लास्टरने आधीची फट बुजवली होती, म्हणून बाहेरून काही दिसत नव्हते. शेवटी सगळ्यात खालची, पिवळी पडलेली पट्टी उघडी झाली. तिचे दोन तुकडे एकमेकांपासून चांगलेच दूर गेले होते. डाव्या तुकड्यावर एका अंगठ्याचा अर्धा ठसा होता. उरलेला अर्धा उजव्या तुकड्यावर होता. मधल्या जागेत आणखी एक अख्खा अंगठा मावला असता.

नोटबुर्गाने आपला अंगठा तिथे ठेवून पाहिला. तो मावला.

"कासियान," ती म्हणाली, "साकवावरून उतर आणि माझ्या मागून, या बाजूनं ये."

तो कुरकुरत आला. त्याने पट्टी पाहिली.

"बाबांचा अंगठा आहे हा," तो म्हणाला.

"अर्धा. दुसरा अर्धा शिळेबरोबर निघालाय."

त्याने टोपी काढून पुन्हा डोक्यावर घातली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, पण तो आवाज नीट जमला नाही, "बुर्गे, उद्या गोणी तर येऊ दे. नवी पट्टी लावू. मग बघू."

"बाबाही असंच म्हणाले होते."

"आणि वर माझं काय? चुलीवर पातेलं ठेवून भिंतीकडे बघत बसू?"

"जंगलातून वाट काढू तुझ्याकडे. मी येते खोदायला."

"तिथून धबधबा दिसत नाही. नुसता ऐकू येतो. त्यासाठी कोण चढून येणार?"

"थोडे येतील."

"आणि हा?" त्याने माझ्या तुळईवर पाय ठेवला. "बाबांनी खांद्यावरून आणलाय हा."

नोटबुर्गाने हातोडा खाली ठेवला. ती माझ्याजवळ आली, वाकली, आणि नुकत्याच बसलेल्या फळीचा पहिला बोल्ट सैल करू लागली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मला तो स्पष्ट ऐकू आला.

"आपणही त्याला खांद्यावरून परत नेऊ. यंदा साकव बसणार नाही, कासियान. मी घळ बंद करतेय."